उसन्या नावाचं आजारपण

चामदो बेट, १० मार्च १९८८

बुन-रे,

आज वारा उतरला म्हणून लिहायला बसलो. गिमचा हंगाम सरत आलाय. पहाटे जाळ्यांवरून ते काळं शेवाळ खरवडून आणायचं, बारीक चिरायचं, चौकटींवर पातळ ओतून उन्हाला लावायचं, आणि दुपारी ढग आला की सगळं उचलून पळत सुटायचं. या वयात मी आणि तुझी वहिनी अजून पळतोय. सोबत वाळलेले ताव पाठवतोय. वरचे तुझ्या घरधन्यांच्या, आमच्या जावईबापूंच्या डब्याला. खालचे जरा फाटके आहेत, ते तू खा. तुला लहानपणापासून फाटक्यातच गोडी.

इकडची नवलाई सांगतो. सरकारनं आम्हाला विमा दिलाय. म्हणजे मुखियानं भल्या सकाळी भोंग्यातून ओरडून सांगितलं की दिलाय. आजारी पडलात तर दवाखान्याच्या खर्चातला मोठा वाटा विमा उचलणार, आणि त्यासाठी आपण महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा. हप्ता कशावरून ठरला म्हणशील, तर घरात माणसं किती, होडी केवढी, छप्पर कसलं. स्लेटचं छप्पर घाला म्हणून हेच लोक मागे लागले होते, गवताचं दिसलं की गाव मागासलेला वाटतो म्हणाले होते. आता त्या छपराचा हप्ता. मी कारकुनाला विचारलं, "काय रे बाबा, छप्पर आजारी पडतं का?" तो म्हणाला, "आजोबा, नियम आहे."

बरं, दवाखाना कुठाय? बेटावर एक नर्सबाई, तिच्या कपाटात जखमेवर लावायचं लाल औषध आणि तापाच्या गोळ्या. डॉक्टर बसलाय वांदो बंदरात. बोट दिवसातून दोनदा, आणि वारा असला की एकदाही नाही. म्हणजे वर्गणी इथं घ्यायची आणि पंगत समुद्रापलीकडे मांडायची. जावईबापूंच्या बस कंपनीत अर्धा हप्ता कंपनी भरते म्हणे. माझा मालक समुद्र. त्याला जाऊन सांगू का, अर्धा तू भर?

तुझ्या वहिनीचं मात्र वेगळंच. पुस्तिका आली ती हिरव्या पुठ्ठ्याची. आत माझं नाव, त्याखाली तिचं, ग्वाक ओक-दान. तिनं त्यावर बोट ठेवून वाचलं, मग परत वाचलं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माहेरच्या गावावरून सगळ्यांना 'गांगजिनवाली', मला 'सांग-हूनची आई', तुला वहिनी. म्हणाली, "बघा, सरकारला माझं नाव माहीत आहे." मी म्हटलं, "हप्ता मागायला माहीत असावंच लागतं." फुरंगटली. पुस्तिका नेऊन पेटीत ठेवली, लग्नातल्या जाकिटाच्या खाली.

सांग-हून अजून दूरच्या समुद्रावर मासेमारीच्या जहाजात. त्याचा करार पुढल्या वर्षी संपेल. वहिनीचं पोट अधूनमधून कुरकुरतं. जेवण झालं की चमचाभर सोडा पाण्यात घालून घेते, ढेकर आला की बरं वाटतं. आपली आईही तेच करायची. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा दादा
मान-गिल

&nbsp;

सोल, २ एप्रिल १९८८

दादा,

ताव मिळाले. फाटके माझ्या वाट्याला आलेच नाहीत, ग्यू-सोकनं न भाजताच फस्त केले. लग्न झालं तरी पोराची जीभ तीच.

तुमचं छपराचं बोलणं मी ग्यू-सोकच्या बाबांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, "तुझ्या दादाला आमच्या बसच्या टपावर उभं करून भाषण करायला लावायला हवं." मग गंभीर होऊन म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. आमचं अर्धं कंपनी भरते, त्यांचं कोण भरणार?

तरीही हप्ता भरा. ग्यू-सोकचं अपेंडिक्स फुटलं त्या वर्षी ही पुस्तिका नसती तर आम्हाला घर विकावं लागलं असतं. आणि घर तर नव्हतंच. हिशेब चुकीचा असेल, पण माणूस कण्हायला लागला की हिशेब कोण बघतो?

आणि सोड्याचं. आई सोडा खायची हे खरं. पण दादा, आई कशानं गेली हे आपल्याला कधी कुणी सांगितलं का?

वहिनीला इकडे पाठवा. तुमची पुस्तिका सोलला अशीच चालत नाही, आधी तिकडच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, मग आणखी एक कागद. त्या भानगडीत पडूच नका. माझी पुस्तिका आहे. तिच्यात फोटो नसतो. खिडकीतली बाई नाव वाचते, वय बघते, तोंडाकडे बघत नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका एकमेकींच्या नावानं दात काढून आल्यात. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, आणि समुद्राच्या उन्हानं तिचं तोंड रापलंय तसं माझं शिलाईयंत्रानं. खपून जाईल.

बुन-रे

&nbsp;

चामदो, २४ जुलै १९८८

बुन-रे,

उत्तराला उशीर झाला. मधे बरंच घडलं. तुझा दादा म्हातारपणी आंदोलनात जाऊन आला!

वांदोच्या बाजाराच्या दिवशी सगळे जमलो. जमीन कसणारे कांदे-लसूणवाले, आम्ही गिमवाले, मुलाबाळांना पाठीशी बांधून आलेल्या बायका. ढोल, झांजा. एक तरुण पोरगा ट्रकवर चढून बोलला, आणि काय बोलला! आम्ही जे घराघरांत पुटपुटतो तेच, पण मोठ्यानं. डॉक्टर नाही तिथं हप्ता कसला? साहेबाला अर्धा आणि आम्हाला सगळा का? मग हप्त्याच्या नोटिसांचा ढीग केला, त्यावर पुस्तिका. मीही माझी टाकली. कुणीतरी काडी लावली. पुठ्ठा लवकर पेटत नाही बघ. आधी हिरवा रंग फुगला, मग काळा झाला. इतक्या वर्षांत प्रथम मला वाटलं की कचेरीतल्या खुर्चीला माझा आवाज ऐकू गेला.

घरी येऊन सांगितलं, तर तुझी वहिनी एवढंच म्हणाली, "त्यात माझंही नाव होतं."

तेव्हापासून अबोला. भात वाढते, पण वाटी आपटून. मी म्हटलं, अगं, नवी येईल, आधी त्यांना हिशेब सरळ करू दे. तिनं पेटीतलं जाकीट काढून झटकलं, घडी घालून परत ठेवलं.

उन्हाळा तिला यंदा बाधलाय. किमचीला तोंड लावत नाही, भातात गार पाणी ओतून चार घास खाते. तुझ्याकडे पाठवण्याचं म्हणालीस. पण दुसऱ्याच्या नावानं दवाखान्यात जायला आपण चोर आहोत का? मी उघड उघड जाळून आलो आणि मागच्या दारानं तुझी पुस्तिका वापरू? लोक तोंडात शेण घालतील. थंडी पडली की तिला भूक लागेल. दरवर्षी लागते.

दादा

&nbsp;

सोल, ३० सप्टेंबर १९८८

दादा,

सणाला तुमच्याकडून परतल्यापासून मला झोप नाही. पूर्वजांच्या पूजेला वहिनीनं ताट उचललं तेव्हा तिची बाही मागे सरली. तो हात मी बघितला. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही. मला गेल्या सणाला जे मनगट भरलेलं आठवतं त्यात आता नुसतं हाड आहे.

तुमचं आंदोलन खरं असेल. चोर कोण आणि साव कोण हे नंतर ठरवू. तिला पुढच्या बोटीत बसवा. तुम्ही पाठवणार नसाल तर मी येऊन घेऊन जाईन, आणि सगळ्या गावादेखत तुमच्याशी भांडेन. मला लाज वाटणार नाही, तुम्हालाच वाटेल.

सोलमध्ये जागोजागी ऑलिंपिकच्या माळा लटकतायत. ग्यू-सोकचे बाबा परदेशी पाहुण्यांना बसमधून फिरवून दमलेत. मी त्यांना सांगितलंय. कंपनीला कळलं तर नोकरीवर येईल, असं ते एकदा म्हणाले. मग म्हणाले, "आण."

बुन-रे

&nbsp;

सोल, ६ नोव्हेंबर १९८८

दादा,

वहिनीला दाखल केलं. आता नीट वाचा, आणि वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाला.

तिथं ती योम बुन-रे आहे. मी तिची वहिनी, म्हणजे मी ओक-दान. पहिल्या दिवशी नर्सनं विचारलं, "आजी, तुमचा जन्म कोणत्या प्राण्याच्या वर्षाचा?" मी वहिनीकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं, माझं वर्ष कुत्र्याचं, कुत्र्याचं. आणि ती पटकन म्हणाली, "माकडाचं." ते तिचं खरं. मी हसले, म्हटलं, "लहानपणापासून हिला सगळे माकड म्हणतात, म्हणून ती तसंच सांगते." नर्सही हसली. वहिनी माझ्याकडे अशी बघायला लागली, की घरी असती तर डाव फेकून मारला असता.

पोट उघडून बघायचं म्हणतायत. त्यासाठी कागदावर सहीच्या जागी नवऱ्याचा शिक्का लागतो. ग्यू-सोकच्या बाबांनी मारला. परवा ते तिच्या उशाशी नवरा म्हणून बसले होते, बिचारे कान लाल करून, नजर खिडकीबाहेर.

तुम्ही या. पण भाऊ म्हणून या. पायथ्याशी बसा, हात धरू नका. आणि 'सांग-हूनची आई' म्हणू नका, त्या खाटेवरच्या बाईच्या मुलाचं नाव ग्यू-सोक आहे. नर्सा सगळ्यांना नावानं हाका मारतात, तुम्हीही नावानं मारा. बुन-रे म्हणा. तुमच्या जिभेला सवय आहेच.

बुन-रे
(खरी)

&nbsp;

चामदो, १२ डिसेंबर १९८८

बुन-रे,

सुखरूप पोहोचलो. जाळ्या समुद्रात उतरवल्या. पाणी असं गार की बोटं आपली की परक्याची कळत नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. तिकडे येताना बोटीत, मग मोठ्या बसमध्ये, रस्ताभर मी घोकत होतो, बुन-रे, बुन-रे. शेजारचा माणूस म्हणाला, "आजोबा, बायकोची इतकी आठवण येतेय?" मी म्हटलं, "बहीण आहे." तो सरकून बसला.

आणि खाटेजवळ गेलो, नर्स समोर उभी, मी हाक मारली, "बुन-रे, कसं वाटतंय?" चौतीस वर्षांत बायकोला नावानं हाक मारली नव्हती ग. आपल्यात कोण मारतं? आणि मारली ती बहिणीच्या नावानं. ती काय म्हणाली माहीत आहे? "बरं आहे दादा. तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, वहिनीही इथंच, मग जाळ्या कोण ओढणार?" आणि मग हसायला लागली, टाके दुखेपर्यंत हसली. नर्स म्हणाली, भावाबहिणीचं काय प्रेम आहे! जुलैनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा हसली. मी तेवढ्यावर बोटीत गाणं म्हणत परतलो.

डॉक्टरशी बोलता आलं नाही याची थोडी चुटपुट आहे. ते जावईबापूंना खोलीत घेऊन गेले, मी भाऊ, म्हणून मी दाराबाहेर. काचेतून दिसत होतं. डॉक्टर बोलत होता, जावईबापू मान हलवत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "अल्सर होता, काढून टाकला." अल्सर तर अल्सर. त्यांचा हात मात्र मी धरला तेव्हा घामानं ओला होता. भला माणूस, परक्या बाईचा नवरा होणं सोपं नसतं.

आणखी एक. मी कचेरीत गेलो. नवी पुस्तिका द्या म्हटलं. तो कारकून हसला. "आजोबा, जाळली ती तुम्हीच ना? मागचे सगळे हप्ते भरा, मग अर्ज वर जाईल." भरले. मला पटलं म्हणून भरले असं समजू नकोस. छपराचा हप्ता मला अजून पटलेला नाही आणि मरेपर्यंत पटायचा नाही. डॉक्टर अजूनही समुद्रापलीकडेच आहे. पण तिला घरी आल्यावर पेटीत ठेवायला काहीतरी हवं.

तिला म्हणावं, यंदाच्या गिमला चकाकी आहे. पहिला ताव तिच्यासाठी ठेवलाय.

दादा

&nbsp;

सोल, १९ जानेवारी १९८९

दादा,

हे पत्र मी कितीदा लिहिलं आणि फाडलं. बसून वाचा.

अल्सर नव्हता. कॅन्सर आहे. पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टरनं ते नवऱ्याला सांगितलं, आणि नवरा म्हणून ग्यू-सोकचे बाबा खोलीत होते. पेशंटला सांगायचं नाही हा तर आपल्याकडचा रिवाजच. पण तुम्हाला? ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मी त्यांना कसं सांगू? बायको त्यांची, आणि बातमी माझ्या हातात." मी म्हटलं, हंगाम संपेपर्यंत दादाला काम करू दे. तो निर्णय माझा होता. शिव्या मला द्या.

आम्ही तिच्यापासून लपवत होतो. काल तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "इथं मी गेले, तर कागदावर कोण मेलं म्हणून लिहितील?"

मी तिचं पांघरूण सारखं करायला लागले. ती म्हणाली, "मग तुझ्या मुलांनी सुतक कुणाचं पाळायचं? मला घरी ने."

डॉक्टरही म्हणतात, न्या. घराबाहेर मरण नको म्हणून इथून शेवटी सगळ्यांनाच घरी नेतात, त्यांना सवय आहे. ग्यू-सोकच्या बाबांनी रजा काढलीय, डेपोतल्या मित्राची गाडी मिळालीय. येत्या गुरुवारी निघतील. मला येता येत नाही. सुनेचे दिवस भरलेत, आणि मरणाघरी जाऊन आलेल्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नसतं. वहिनीनंच मला आण घातली, येऊ नकोस म्हणून.

पत्र वेळेवर मिळालं नाही तर मुखियाकडे फोन करीन. पण फोनवर एवढंच सांगीन, बंदरावर या. बाकीचं भोंग्याला कळायला नको.

बुन-रे

&nbsp;

चामदो, २८ फेब्रुवारी १९८९

बुन-रे,

नात झाली असं जावईबापूंनी कळवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप ना? तुझ्या घरात जन्म होता म्हणून मी इतके दिवस लिहिलं नाही. आता एकवीस दिवस उलटले, आता हे पत्र उंबऱ्याच्या आत यायला हरकत नाही.

जावईबापू दुसऱ्या दिवशी कामासाठी परतले, पुढचं त्यांनाही माहीत नाही. म्हणून तुला सांगतो.

त्यांनी तिला उचलून गाडीतून उतरवलं तेव्हाच वारा सुटला होता. बोट बंद. बंदरासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. जमीन चांगली तापवलेली होती, तिला गोधडीत गुंडाळून खिडकीपाशी ठेवलं. खिडकीतून आपलं बेट दिसतं. लाटा पांढऱ्या झाल्या नसत्या तर छप्परही दिसलं असतं, ते हप्तेवालं. मी रोज धक्क्यावर जाऊन विचारत होतो, आणि रोज तोच माणूस तीच मान हलवत होता. वर्षभर मी म्हणत आलो की डॉक्टर पलीकडे आहे आणि आम्ही अलीकडे. आता डॉक्टरच्या बाजूला होतो आणि घर पलीकडे.

तिचं चित्त शेवटपर्यंत जागेवर होतं. एकदा म्हणाली, "दादा, माझा नवरा कुठाय?" थट्टेनंच. मी म्हटलं, "जाळ्यांवर गेलाय." म्हणाली, "आला की त्याला सांगा, जाळायचीच होती तर खुशाल जाळायची. माझं नाव तेवढं फाडून ठेवायचं."

मी हात धरला. तिथं कुणी नर्स नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, लॉजवाली बाई सूप घेऊन आली तेव्हा, ती गेली. बंदरातला डॉक्टर आला. नाव विचारलं. मी सांगितलं. पुस्तिका आहे का विचारलं. नाही म्हटलं. त्यानं लिहिलं, ग्वाक ओक-दान. कागद खरा झाला, बुन-रे. तेवढं तिच्या मनासारखं झालं.

मग तिचं लग्नातलं जाकीट घेऊन मी निघालो छपरावर. बंदरावर येतानाच पेटीतून काढून आणलं होतं. कशासाठी ते तेव्हा मनाला कबूल करत नव्हतो. लॉजवाली रडकुंडीला आली. "आजोबा, माझ्या छपरावरून मेलेल्याला हाका माराल तर इथं कोण उतरेल? जरा धंद्याचा विचार करा." मी म्हटलं, "बाई, तिचं घर त्या पाण्यापलीकडे आहे, मी कुठून मारू?" तिनं डोळे पुसले आणि शिडी धरली.

वर उभा राहिलो. वारा जाकीट हातातून हिसकावत होता. आत्म्याला परत बोलवायचं म्हणजे नावानं हाक मारावी लागते, 'सांग-हूनची आई' तिथं चालत नाही. मी तोंड उघडलं. आणि जिभेवर तुझं नाव आलं.

इतकं घोकलं होतं ग. तिला नावानं मारलेली हाक मला एकच येत होती, आणि ती तुझी होती. ओठ मिटलेलेच होते त्या पहिल्या अक्षराला. तू तिकडे बाळंतिणीच्या उशाशी बसलेली, जिवंत. मी जीभ चावली, रक्त आलं. छपरावर खाली बसलो. खालून लॉजवाली ओरडली, "पडलात की काय?" मग उठलो, आणि जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडलो: चामदो बेटाची ग्वाक ओक-दान! परत ये! रिवाजाप्रमाणे तीनदा. त्या हाकेला उत्तर नसतं, मला ठाऊक आहे. पण एक किडा डोक्यातून जात नाही. तिलाही हे नाव कुणी कधी ऐकवलं नव्हतं. दवाखान्यातही ती कित्येक आठवडे बुन-रे या नावाला ओ देत होती. ओळखलं असेल का तिनं?

वारा उतरल्यावर बेटावर आणली. गावातले वडीलधारे दारात उभे. बाहेर मेलेल्याला घरात नेत नाहीत, अंगणात मांडव घालायचा. मी म्हटलं, "ती आधीच दुसऱ्याच्या नावात राहून आलीय. आता स्वतःच्या दाराबाहेर नाही ठेवणार." सगळे समुद्राकडे बघत राहिले. मी आत नेली. सांग-हूनला जहाजावर तार गेली आहे. तिची माती त्याच्याशिवायच झाली.

आणि परवा टपालानं पुस्तिका आली. बैल गेला आणि झोपा केला. हिरवीच आहे. माझं नाव, खाली तिचं. कारकून म्हणाला, "आजोबा, मृत्यूचा कागद आणा, नाव खोडून देतो, तुमचाच हप्ता कमी होईल." मी म्हटलं, आणीन सवडीनं. तो म्हणाला, "मेलेल्याचा हप्ता कशाला भरता?" मी म्हटलं, "छपराचा भरतोच की."

पेटीत ठेवली. जाकीट तिच्या अंगावर गेलं, म्हणून वर काही नाही.

तुला शिव्या द्यायला सांगितलं होतंस. शोधल्या, सापडल्या नाहीत.

दादा

&nbsp;

सोल, ९ एप्रिल १९८९

दादा,

तुमचं पत्र घरात कुणाला वाचू दिलं नाही. ग्यू-सोकच्या बाबांना छपरापर्यंतचं वाचून दाखवलं, पुढे माझ्याच्यानं होईना.

नात गुटगुटीत आहे. तिचं नाव ठेवायचंय. तुम्ही सुचवा.

दवाखान्यातून दोनदा फोन आला, योम बुन-रे तपासणीला आल्या नाहीत. ग्यू-सोकचे बाबा म्हणाले, गावी गेलीय. दुसऱ्या वेळी त्या बाईनं आवाज हळू करून विचारलं, "अजून आहेत ना?" ते म्हणाले, "आहे." मी शेजारीच भाजी निवडत होते.

एक किरकोळ गोष्ट. हिवाळ्यापासून मला छातीखाली जळजळ होते. गल्लीतल्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं पोट दाबलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. चिठ्ठी त्याच दवाखान्याची आहे. तिथं माझ्या नावाची फाईल आहे, आणि त्या फाईलीतल्या बुन-रेचं पोट उघडून शिवलेलं आहे. माझ्या पोटावर तर एक ओरखडाही नाही. खिडकीवर काय सांगू? खरं सांगितलं तर ह्यांच्या नोकरीवर बेततं, खोटं सांगायला आता दुसरं नाव नाही. उन्हाळ्यापर्यंत बघू, असं हे म्हणतात. सोडा घेते, बरं वाटतं. तुम्ही काळजी करू नका.

बुन-रे

&nbsp;

चामदो, १६ एप्रिल १९८९

बुन-रे,

सोड्याची बरणी आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर ओत. पत्र खाली ठेव, ओतून ये, मग पुढे वाच.

मी येत्या रविवारच्या बोटीनं निघतोय, पत्र तोवर तुझ्या हाती पडेल. जाळ्या समुद्रातच राहू देत, यंदाचं शेवटचं पीक लाटांना. जावईबापूंना सांग, पुस्तिका मी मागितली, मी वापरली, ते भोळे, त्यांना फसवलं. साहेबापुढे मी तसंच म्हणणार आहे. त्यांना खोटं बोलायला लावून मी बरंच वापरलं, आता एक खोटं माझ्या नावावर राहू दे.

त्या दवाखान्याच्या खिडकीवर आपण दोघं जाऊ. त्यांच्यावर माझा आजही भरवसा नाही. ते दंड करतील, कदाचित पोलीस बोलावतील, आणि तुला तपासतील का, देव जाणे. पण तुझं नाव तुला परत मिळायला हवं, आजारी पडायला तरी. पेटीतली हिरवी पुस्तिका आणि वांदोच्या डॉक्टरचा कागद दोन्ही घेऊन येतोय, म्हणून तर नाव अजून खोडलेलं नाही. ती बाई म्हणेल, योम बुन-रे तर मरणाला टेकलेली होती. मी पुस्तिका उघडीन आणि बोट ठेवीन. म्हणेन, ती ही, ग्वाक ओक-दान. आणि मी तिचा भाऊ नव्हतो.

रविवारी संध्याकाळी बस उतरण्याच्या जागी उभी राहा. मी तुला लांबूनच हाक मारीन. ओ दे.

दादा